माझ्या अनुभवाचा दाखला

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (हे केवळ लिहायचं म्हणून नाही. वसतिगृहातलं टेबल इतकं बुटकं आहे की लिहायला बसलं की माणूस आपोआप वाकतो. साडेतीन वर्षांत मी या टेबलाला जेवढे नमस्कार केले तेवढे घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना मिळून केले नसतील.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, पण ते पत्र मी इतकं जपून ठेवलं की आता सापडत नाही. मामीला झोप लागते का? आजी अजून टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं देते का? इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे जेवते, झोपते, आणि आईने फोनवर विचारलं की ‘ठीक’ म्हणते.

अकरा महिने पत्र नाही आणि आज एकदम हे बाड, तेव्हा तुम्ही म्हणाल, भाचीला मामा आठवला म्हणजे काहीतरी काम निघालेलं दिसतंय. तसं काही नाही. या पत्रात मागणं नाही, निव्वळ खुशाली आहे, आणि तीही बेताचीच. फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, मग मामी ऐकते, आजी ऐकते, आणि संध्याकाळी आईचा फोन येतो की ‘मामाला सांगतेस आणि मला नाही?’ म्हणून हा कागद. एकट्याने वाचा.

माझा प्रबंध पंपाच्या बेअरिंगवर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. (आजीला सांगताना तुम्ही ‘ती पाण्याच्या मोटारीवर शिकतेय’ असं सांगता, तेही चालेल.) पंपातला फिरता शाफ्ट ज्या छऱ्यांच्या कड्यावर टेकतो ते बेअरिंग. ते झिजलं की पंप कुरकुरतो, आणखी झिजलं की बंद पडतो, आणि अख्खं गाव रिकाम्या बादल्या घेऊन शिव्या घालतं. ती कुरकुर आधीच कळावी म्हणून मी एक डबी बनवली आहे. ती पंपाला चिकटवायची. ती कंप मोजते आणि पंपाची प्रकृती सांगते. तीन वर्षं मी आणि डबी प्रयोगशाळेत सुखाने राहिलो. आमच्यात तिसरं कोणी नव्हतं. दिवसचे दिवस मी एक शब्द बोलत नसे, आणि त्याला संशोधन म्हणत.

मग विभागप्रमुखांना एक दिवस अनुभवाची उबळ आली. फळ्यावर नोटीस लागली की यापुढे पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने एक सत्र वर्गावर शिकवायचं आणि एक सत्र बाहेर कुठेतरी इंटर्नशिप करायची. दोन्हीचे दाखले जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारला जाणार नाही. मी तक्रार घेऊन गेले. ते म्हणाले, “उद्या बाहेर कोणी विचारलं, तुम्हाला काय काय येतं, तर काय सांगाल?” मी म्हटलं, “बेअरिंग.” “आणखी?” मी जरा विचार केला आणि म्हटलं, “दुसऱ्या मापाचं बेअरिंग.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला दोन्ही कामं एकाच सत्रात लावून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी शिकवण्याचं सांगते. दुसऱ्या वर्षाची त्रेचाळीस मुलं, आठवड्यातून दोन तास, विषय कंपनशास्त्र. (पहिल्या दिवशी विषयाचं प्रात्यक्षिक माझ्या गुडघ्यांनी केलं.) मुलं चांगली होती. चांगली म्हणजे मी सांगेन ते खाली मान घालून लिहून घेत. तीन वर्षांत माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मी जरा चढलेच. स्प्रिंगला वजन टांगलं तर ते किती वेगाने हलेल, याचं एक सूत्र आहे. स्प्रिंगचा ताठपणा वर, वजन खाली. पोरासोरांना येणारं सूत्र. मी बोलण्याच्या भरात ते उलटं लिहिलं. वजन वर, ताठपणा खाली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण मी त्यावर तीन उदाहरणं सोडवली, खालून दोनदा रेघ ओढली, आणि “हे आयुष्यभर विसरू नका” असं म्हणाले.

ते विसरले नाहीत. चाचणी झाली, पेपर तपासले गेले, आणि विषयाच्या मुख्य प्राध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर गठ्ठा होता. बेचाळीस उत्तरपत्रिका, बेचाळिसांत एकच चूक, त्याच ओळीवर, खालून दोनदा रेघ ओढलेली. सामूहिक कॉपीची चौकशी बसली होती. मुलांना एकेकाला आत घेऊन दम दिला जात होता. एकटा त्रेचाळिसावा मुलगा पूर्ण गुण मिळवून बाहेर बाकावर निर्धास्त बसला होता, कारण माझ्या तासाच्या दिवशी तो तापाने झोपून होता आणि त्याने पुस्तकातून वाचलं होतं. मी तीन प्राध्यापकांसमोर उभी राहिले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. मग त्यातले सर्वांत म्हातारे होते ते हळहळून म्हणाले, “तीस वर्षं शिकवतोय, बाई. माझी एकही गोष्ट एकाच वेळी बेचाळीस जणांच्या लक्षात राहिलेली नाही.”

त्यानंतर माझं प्रत्येक वाक्य मुलं पुस्तकाशी ताडून पाहू लागली. मी फळ्यावर तारीख लिहिली तरी चारजण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. विभागप्रमुखांच्या कानावर गेलं की मॅडमच्या वर्गातली मुलं हल्ली स्वतःहून पुस्तकं वाचतात, आणि त्यांनी सभेत माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं. काय करणार?

सकाळी ही शोभा, आणि दुपारी इंटर्नशिप. ती मला गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मिळाली होती. बावीस पायऱ्या उतरून खाली जायचं. खाली हिरव्या रंगाचे सहा पंप, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. ओली फरशी, ग्रीसचा वास, खिळ्याला दोरीने बांधलेली नोंदवही, आणि दारावर धोक्याचा लाल भोंगा. आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. मी डबी घेऊन गेले तेव्हा मोठ्या साहेबांनी (म्हणजे पंपघर ज्यांच्या ताब्यात आहे ते अभियंते) माझं फार अगत्याने स्वागत केलं आणि म्हणाले, “खाली कानसेन आहेत. ते दाखवतील.”

कानसेन म्हणजे तिथले फिटर. वय सत्तावन्न, अंगाने काटकुळे, एकतीस वर्षं त्याच पंपांत. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण तानसेन गाणारा तसा हा ऐकणारा, म्हणून कोणीतरी कधीकाळी कानसेन म्हटलं आणि तेच पडलं. त्यांचं एकमेव उपकरण म्हणजे लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे. अर्धा मिनिट. मग फरशीवर त्या पंपासमोर खडूने रेघा मारायच्या. एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे लक्ष ठेवा, तीन म्हणजे सुटे भाग मागवा. नोंदवहीत ते काही लिहीत नसत. “लिहिलं की लोक वाचतात आणि विसरतात,” म्हणायचे. “खडू पायाखाली येतो, तेव्हा चालताना जपावं लागतं.”

मी माझी डबी चार नंबरच्या पंपाला लावली. डबीने सांगितलं, प्रकृती उत्तम. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तीन रेघा मारल्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन ओरडले, “काय ऐकू आलं, काका?”

“वाळू चावल्यासारखं.”

“पण माझ्या डबीला काहीच दिसत नाही.”

“डबीला दात नाहीत, पोरी,” ते म्हणाले. “आठ-दहा दिवस काढेल तो.”

नवव्या दिवशी चार नंबर गेला. मी तिथेच उभी होते. आधी एक करकर, मग धूर, मग सगळी पळापळ. कानसेन पळाले नाहीत. नवं बेअरिंग त्यांनी आदल्याच दिवशी पंपाशेजारी आणून ठेवलं होतं. मामा, माझी साडेतीन वर्षं त्या धुरात होती, आणि तरी मला वाईट वाटलं नाही. या माणसाला काय कळतं ते मला कळलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. तेव्हापासून मी रोज त्यांच्यामागे हिंडू लागले. ते मला स्क्रूड्रायव्हर देत, मी हाडावर लावी. मला ऐकू येई ते असं : घूं. त्यांना ऐकू येई ते असं : आतलं कडं झिजलंय, बाहेरचं शाबूत, ग्रीस जास्त झालंय, आणि मागच्या फिटिंगच्या वेळी कोणीतरी हातोडा मारलाय. दीड महिन्याने मला घूं आणि घूंऽ यांतला फरक कळायला लागला. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वर जाऊन चहा आणला. मामा, इतकं शिकवल्यावरही माझ्या एकाही विद्यार्थ्याला माझ्यासाठी चहा आणावा असं वाटलेलं नाही.

आणि म्हणूनच मला ती दुर्बुद्धी सुचली. मला वाटलं, यांना वर्गावर न्यावं. माझ्याकडून मुलं चूक तेवढं शिकतात, यांच्याकडून बरोबर शिकतील. कानसेन आधी नको नको म्हणाले, मग त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशाला पेन लावून. (ते लिहीत नाहीत हे मी सांगितलंच आहे. पेन कॉलेजसाठी होतं.) रुमालात गुंडाळून चार नंबरचं मेलेलं बेअरिंग आणलं होतं, ते त्यांनी पहिल्या बाकापासून हातोहात फिरवलं आणि दहा मिनिटं बोलले. काय बोलले! एकाही पोराने मोबाईल पाहिला नाही. मग मी म्हटलं, कोणाला काही विचारायचंय?

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “हे सगळं शिकायला किती वर्षं लागली?”

कानसेन म्हणाले, “दोन थेंब पुरे. जास्त घातलं की उलट तापतं.”

वर्गात हशा पिकला. मुलांना वाटलं, काय हजरजबाबी माणूस आहे! दुसऱ्याने खिडकीजवळून विचारलं, “तुमचा अंदाज चुकला तर जबाबदारी कोणाची?”

“डाव्या बाजूचं,” ते ठामपणे म्हणाले. “नेहमी डाव्या बाजूचं आधी जातं.”

मुलांनी बाकं बडवली. कानसेनही हसले, आपली गोष्ट रंगली म्हणून खूश होऊन हसले. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं, आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि तिला बरोबर उत्तर दिलं, अगदी मुद्द्याचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हसत नव्हते असे वर्गात आम्ही दोघंच होतो, मी आणि तो तापाचा मुलगा. (तो तास संपल्यावर माझ्याकडे आला, नुसता उभा राहिला आणि गेला. हुशार आहे तो. त्याने अभियांत्रिकी सोडावी.)

परत जाताना आम्ही बसथांब्यावर बसलो. मी त्यांच्या डाव्या हाताला होते. मी हळूच म्हटलं, “काका, चहा घ्यायचा?” ते रस्त्याकडे बघत राहिले. मग मी उठून समोर गेले, आणि माझा चेहरा बघून त्यांना समजलं की मला समजलं.

“दोन-अडीच वर्षं झाली,” ते म्हणाले. “हवेतलं जात चाललंय. लोखंडातलं शाबूत आहे.”

“कोणाला माहीत आहे?”

“तुला. आता.”

“घरी?”

“बायकोला वाटतं, मी हल्ली ऐकून न ऐकल्यासारखं करतो. असू दे. बहिऱ्यापेक्षा बेपर्वा बरा.”

पंपघरात सगळेच ओरडतात आणि सगळेच हातवारे करतात, त्यामुळे तिथे एखादा खरोखर बहिरा असला तरी दहा वर्षं पत्ता लागणार नाही. त्यांनी कोणाला सांगू नकोस असं मला म्हटलं नाही. त्यांना ते म्हणायची गरज वाटली नसावी. मी मात्र पुढे याच गोष्टीचा फार आधार घेतला, की त्यांनी सांगू नकोस असं काही म्हटलेलं नाही.

मला त्या बाकावर वाईट वाटायला हवं होतं, मामा. पण खरं लिहायचं तर मला आनंद झाला. कारण कोडं सुटलं होतं. हवेतून कानात येणारा सगळा गोंगाट त्यांच्यापुरता बंद झाला होता, आणि हाडातून येणारा बेअरिंगचा आवाज तेवढा स्वच्छ उरला होता. म्हणून दोन वर्षांत त्यांचा अंदाज आणखी पक्का झाला होता. मी बिघाडांची नोंदवही काढली, त्यांच्या खडूच्या रेघा मी रोज टिपत आले होते ती माझी वही काढली, तारखा जुळवल्या. त्या सत्रातल्या लहानमोठ्या अकरा बिघाडांपैकी दहा त्यांनी आधी सांगितले होते, माझ्या डबीने सहा. हे सगळं मी इंटर्नशिपच्या अहवालात लिहिलं. माझ्याच डबीला खाली ओढून मी त्यांना वर चढवत होते, आणि ते करताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. (माणसाला स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं की त्याने लेखणी खाली ठेवावी, असा नियम असायला हवा होता.) पान एकतीसवर मी हे वाक्य लिहिलं, ते मला पाठ आहे : ‘विशेष म्हणजे, सदर तंत्रज्ञांची हवेतून ऐकण्याची क्षमता बरीच कमी झालेली असूनही ते अस्थिमार्गे यंत्राचा दोष अचूक ओळखतात, हे कौशल्य दुर्मीळ असून त्याची योग्य ती नोंद घेतली जावी.’

नोंद घेतली गेली.

आमच्याकडे अहवाल वाचत नाहीत. पहिलं पान बघतात, शेवटचं बघतात, मधली पानं जाडीसाठी असतात. या एका गोष्टीवर सगळी विद्या उभी आहे, आणि नेमके हे मोठे साहेब सगळी पानं वाचणारे निघाले. त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट खुर्ची दिली.

“बाई, दारावर भोंगा आहे तो कशासाठी आहे?”

“धोका झाला तर सगळ्यांनी वर पळावं म्हणून.”

“खाली पाणी भरायला लागलं, भोंगा वाजला, आणि हा माणूस डोळे मिटून पंपाला चिकटून बसला असेल तर?”

मी म्हटलं, “कोणीतरी हात धरून आणेल.”

“कोण?” त्यांनी विचारलं. “पळणारा माणूस मागे बघतो का?”

पुढे कितीतरी दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात दुष्ट ठरवायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. कान तपासून कामाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र आणेपर्यंत कानसेननी कामावर येऊ नये, असा कागद निघाला. कागद द्यायला त्यांना वर बोलावलं. त्यांनी तो वाचला, घडी घातली, खाली जाऊन स्क्रूड्रायव्हर खिळ्याला अडकवला, आणि सहाही पंपांवरून एकदा हात फिरवून बावीस पायऱ्या चढून गेले. निरोप घेतला नाही कोणाचा; हातवारे करून निरोप काय घेणार?

आता सहा पंपांचा कारभार माझ्या डबीकडे आहे. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तिच्यासाठीच बनवून ठेवली असावी. वर आवारात साहेबांची गाडी मागे घेतली की खाली डबी सांगते, दोन नंबर धोक्यात. पहिल्या आठवड्यात सगळे धावले, दुसऱ्या आठवड्यात निम्मे, आता कोणी मान वर करत नाही. फरशीवरच्या त्यांच्या खडूच्या रेघा परवा सफाईवाल्या बाईंनी धुऊन काढल्या. पाच नंबरपुढे दोन होत्या की तीन, यावर तिथे दोन दिवस वाद चालू आहे. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ऐकलं. घूंऽ. मला वाटतं तीन असाव्यात. पण मी ते फरशीवर लिहिलं नाही. माझ्या लिहिण्याचा अनुभव दोन्हीकडे चांगला नाही.

बाकी सगळं उत्तम चाललंय. इंटर्नशिपचा दाखला आला, शेरा ‘उत्कृष्ट’. शिकवण्याचाही आला, मुलांनी अभिप्रायात लिहिलं आहे की मॅडमचा सर्वांत चांगला तास म्हणजे ज्या दिवशी मॅडम शिकवत नव्हत्या तो. आमचे गाईड तर मला पाहून हल्ली खुर्चीतून अर्धे उठतात. पान एकतीसवर एक स्वतंत्र शोधनिबंध होईल असं त्यांचं म्हणणं आहे. त्या माणसाच्या ऐकण्याची आणखी मोजमापं घेता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्यांना सध्या घरी बसवलंय. “वा,” ते म्हणाले, “म्हणजे त्यांच्याकडे वेळच वेळ आहे.” ते वाईट नाहीत, मामा. त्यांना खरोखर तेवढंच दिसलं. मलाही त्या बसथांब्यावर तेवढंच दिसलं होतं.

थोडक्यात, अनुभव मिळाला. वर्गात मी चूक सांगितलं आणि ती चूक बेचाळीस जणांना भोवली. पंपघरात मी खरं सांगितलं आणि ते एकाच माणसाला भोवलं. आकड्यांत पाहिलं तर माझी प्रगती आहे. पण आकड्यांवर माझा पूर्वीसारखा जीव उरलेला नाही, आणि हा प्रबंध पुरा करावा की तसाच ठेवून घरी यावं, हेही मला कळेनासं झालंय. तुम्ही यावर काही लिहू नका. लिहिलंत तर ‘पुरा कर’ असंच लिहाल, आणि ते मला येतं.

मामीला आणि आजीला माझा नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची, दोन दोन दाखल्यांची धनीण असलेली,
भाची

ता. क. आईला फक्त ‘उत्कृष्ट’ शेऱ्याचं सांगा. बेचाळीस मुलांचं नको. ती बेचाळीस घरी फोन करून माफी मागेल.

ता. क. दुसरा : वर लिहिलं की या पत्रात मागणं नाही, ते खोटं. मागणं आहे, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे करता येणार नाही, कारण आपल्या घराण्यात लोकांचे कान तपासून यंत्रं बसवणारे तुम्ही एकटेच. कानसेन येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येतील. कान तपासायला चला म्हटलं असतं तर ते आले नसते. दोनदा म्हणून पाहिलं. म्हणून मी सांगितलंय की माझ्या मामांच्या गच्चीवरचा पंप घरघरतो आणि गावातल्या कोणालाही त्याचा दोष सापडत नाही. हे ऐकल्यावर महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. तेव्हा कृपा करून गुरुवारपर्यंत तुमचा पंप थोडा बिघडवून ठेवा. फार नको. एखादा बोल्ट सैल करा; मोडतोड केलीत तर त्यांना लगेच कळेल की कोणीतरी मुद्दाम केलंय. पंप दुरुस्त झाला की चहा द्या आणि गप्पा मारत मारत तुमच्या त्या काचेच्या खोलीत नेऊन बसवा. हाडातून ऐकण्याची वेगळी चाचणी असते ती नीट करा, आणि कपाळावरच्या पट्टीला लावायचं, हाडातून ऐकवणारं यंत्र त्यांना चालेल का ते बघा. भोंगा ऐकू आला की साहेब त्यांना परत घेतील. मी तसं त्यांच्याकडून लिहून घेतलंय. खोटं प्रमाणपत्र नको, जे असेल ते लिहा. आणि बोलताना त्यांच्या समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येईल असं. तुमच्या मिशा ओठांवर आल्या आहेत, त्या बुधवारी कापून घ्या. मामी खूश होईल.

ता. क. तिसरा : पान एकतीसवरची ओळ माझी आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, वर्गातलं कोणी पोरगं घरी बोललं असेल आणि ते फिरत फिरत साहेबांपर्यंत गेलं असेल. आणि त्या पोराचं काही चुकलं असं त्यांना वाटत नाही. तुम्ही यातलं काही बोलू नका. ते मीच सांगायचं आहे. तसं एकदा सांगितलंही आहे, मागच्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन, दारात उभं राहून, अथपासून इतिपर्यंत. तेव्हा ते पाठमोरे होते. माझ्यासाठी खुर्ची पुसत होते.